परतीची तार

"कॉम्प्युटर बंद पडून आजवर कुणी मेलंय का, वहिनी?"

लेले काकांचं हे वाक्य जिन्यातून वर आलं, तेव्हा मी दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर कचऱ्याची बादली घेऊन उभी होते. लेले काका आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आणि वहिनी म्हणजे माझी आई. ती माझ्या वतीने विचारायला गेली होती, कारण मी स्वतः कधीच गेले नसते. उत्तरादाखल आई नुसती हसली. ते हसणं मला पाठ आहे. राँग नंबर आला तरी ती तशीच हसते. मी पाऊल न वाजवता परत वर आले. त्या दिवशी कचरा घरातच राहिला.

याला तीन वर्षं झाली. पण परतीचा पाऊस उघडला, दुपारी डोकं भणभणायला लागलं आणि पहाटे पांघरूण ओढावंसं वाटलं, की ते वाक्य अजून जिन्यातून वर येतं. आजही आलं. वारज्यात सध्या तीच हवा आहे. शेजारी भाजणी भाजतायत. मुलांनी किल्ल्यासाठी माती आणून टाकली आहे. समोरच्या गॅलरीत कुणीतरी गेल्या वर्षीच्या दिव्यांच्या माळा पसरून कुठला दिवा गेलाय ते शोधतंय. बाकीच्यांना यातून दिवाळी जवळ आल्याचं कळतं. मी मात्र आमच्या देवघरातल्या बल्बकडे बघत राहते.

त्या वर्षी मी गेमिंग कॉम्प्युटर जोडला होता. सुटे भाग आणून, व्हिडिओ थांबवत थांबवत, स्वतःच्या हाताने. एका बाजूला काच आणि आत निळ्या उजेडात फिरणारे पंखे. आई त्याला माझं मत्स्यालय म्हणायची. माझी ऑफिसची शिफ्ट दुपारी सुरू व्हायची, त्यामुळे सकाळी सहा ते आठ हा वेळ माझा. लोक या वेळी पूजा करतात, असं आई न चुकता ऐकवायची. आम्ही चार जण मिळून खेळायचो, चौघं चार गावांतले, एकमेकांना कधी न पाहिलेले. बाकी तिघं बोलायचे, मी टाइप करायचे. माइक माझ्याकडेही होता. तो मी कधी सुरू केला नाही.

ऑगस्ट संपता संपता कॉम्प्युटर पहिल्यांदा बंद पडला. कुरकुर नाही, इशारा नाही. भर खेळात स्क्रीन काळी, पंखे थांबलेले आणि काचेत माझा चेहरा. पुन्हा सुरू केला तर मुकाट्याने सुरू झाला. तीन दिवसांनी तसंच झालं, मग दिवसाआड, मग रोज. मी अशी मध्येच नाहीशी व्हायला लागल्यावर टीममधल्या एकाने मला पळपुटा म्हटलं. मी मुलगी आहे हेही त्यांना माहीत नव्हतं.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला बरंच वाटलं. बिघाड शोधणं हे एकटीने करायचं काम आहे, त्यात कुणाशी बोलावं लागत नाही. मी धूळ काढली. प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट पुसून नवी लावली. तापमान बघितलं, ते माझ्या कपाळापेक्षा बरं होतं. मेमरीच्या पट्ट्या काढून, पुसून, जागा बदलून बसवल्या. वीजपुरवठ्याचा अख्खा डबा बदलला. कॉम्प्युटर स्वतःची एक नोंदवही ठेवतो, तीही उघडून वाचली. त्यात प्रत्येक वेळी एवढंच होतं की, आपण मागच्या वेळी नीट बंद झालो नव्हतो. का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. चक्कर येऊन पडलेल्या माणसाला काय झालं विचारलं की तो जसा आपल्याकडेच बघत राहतो, तसं.

मग मी वही केली. किती वाजता बंद पडला, त्या क्षणी काय चाललं होतं, काय ऐकू येत होतं. आमच्या बाथरूमच्या खिडकीमागे डक्ट आहे आणि डक्ट काहीच लपवत नाही. मी शेजाऱ्यांशी बोलत नाही, पण कोण कधी आंघोळ करतं, कोण बादलीने करतं आणि कोण स्तोत्र म्हणत करतं, हे मला माहीत आहे. आठवड्याभरात वहीतून एक आकार वर येऊ लागला. वर बादली भरत असेल आणि खाली स्तोत्र चालू असेल, तर काही होत नसे. चार-पाच घरांत एकदम पाणी वाजायला लागलं की माझी स्क्रीन काळी.

गच्चीवरचा पाणी तापवणारा सोलर पावसाळ्यात बंद पडला होता. तो दुरुस्त करायचा ठराव झाला होता, दुरुस्ती तेवढी झाली नव्हती. त्यामुळे सोळाच्या सोळा घरांनी विजेचे गीझर सुरू केले होते. हे मला माहीत होतं, पण त्याचा माझ्या काचेच्या डब्याशी संबंध लावायला मला पुढे पंधरा दिवस लागले.

संबंध लावून दिला तो देवघरातल्या बल्बने. आमच्या घरात सगळीकडे एलईडी दिवे आहेत, फक्त देवघरात जुन्या पद्धतीचा, तारेचा, पिवळा छोटा बल्ब आहे. आईला तोच लागतो. त्याच्या उजेडात बाळकृष्ण हसल्यासारखा दिसतो म्हणते. एका सकाळी मी पाणी प्यायला उठले, तर आई हात जोडून उभी होती आणि म्हणत होती, बघ, आज देवाच्या तोंडावर कसं तेज आलंय. बल्ब खरंच झळाळत होता. पिवळा राहिला नव्हता, पांढरा झाला होता. डोक्यावरचा पंखाही जरा घाईने फिरायला लागला होता. आणि आतल्या खोलीतून तो आवाज आला, जो मला आता झोपेतही ओळखता आला असता. पंखे थांबल्यावरची शांतता.

त्यानंतर मी रोज खेळायच्या आधी देवघरात डोकावू लागले. आईला फार बरं वाटलं. मुलगी सुधारली.

कॉम्प्युटर मी सिंहगड रोडच्या अलीकडे एका गाळ्यात नेला. तिथले गजूभाऊ यवतमाळकडचे. गाळ्यात उघडे कॅबिनेट पोटं फाडल्यासारखे मांडलेले आणि मधोमध गजानन महाराजांचा फोटो. त्यांनी माझं यंत्र तीन दिवस ठेवून घेतलं आणि सतत चालवलं. ते एकदाही बंद पडलं नाही. चौथ्या दिवशी मी आणायला गेले, तर त्यांनी ते परत देण्याआधी मला स्टुलावर बसवलं. त्यांनी कॉम्प्युटरबद्दल काहीच विचारलं नाही. घरी दिवे मध्येच जास्त पेटतात का, विचारलं. मी मान हलवली. मग म्हणाले, "बिल्डिंगीत कुठं सुक्या मासळीचा वास येते काय जी, ताई?"

इथे मला मागे जावं लागेल. नवरात्राच्या आधीपासून आमच्या पार्किंगमध्ये आणि जिन्याच्या तोंडाशी वास येत होता. सकाळी जास्त, दुपारी कमी. दुसऱ्या मजल्यावर रत्नागिरीकडचं एक नवीन जोडपं भाड्याने राहायला आलं होतं, त्यामुळे वास कुठून येतो याची चौकशी कुणी केली नाही. लेले काकांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात पाटी लावली: 'सुकट, बोंबील इत्यादी जिन्नस आपापल्या दाराच्या आतच शिजवावेत व त्यांचा वासही आतच ठेवावा. सुगंधाची सक्ती नाही.' लोकांनी त्या पाटीचे फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. मीही वाचून हसले होते. त्या जोडप्यातल्या मुलीने मला एकदा जिन्यात थांबवून, मी न विचारताच सांगितलं होतं की त्यांच्याकडे नवरात्रात मासे होत नाहीत, आणि नंतरही त्यांनी आणलेले नाहीत. सांगताना ती माझ्या चपलांकडे बघत होती. मी हो म्हटलं आणि वर आले. तिच्यावर माझा विश्वास बसला होता. तसं बोलले मात्र नाही.

विजेच्या बोर्डाचं जुनं प्लास्टिक आतून भाजायला लागलं की असाच वास येतो, असं गजूभाऊंनी सांगितलं. मग त्यांनी एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर चार रेघा मारल्या. तीन तारा वीज आणतात, एक परत नेते. आणणाऱ्या तीन, पण परतीची सगळ्यांना मिळून एकच. तिचा स्क्रू ढिला झाला की वीज परत जाताना अडखळते, ठिणग्या पडतात, सांधा तापतो, आणि मग कुणाच्या घरी वीज उतरते तर कुणाच्या घरी चढते. "मशीन काही आजारी नाही तुमची," ते म्हणाले, "घर आजारी आहे. मशीन नाजूक, म्हणून तिनं पहिले सांगितलं."

घरी येताना कॉम्प्युटर मांडीवर होता. रिक्षात मी त्याला दोन्ही हातांनी धरलं होतं.

आमची मीटर रूम तळमजल्यावर, जिन्याला लागून. वर जायला जिना तो एकच. तिच्या लोखंडी दाराला कुलूप, आणि किल्ली लेले काकांकडे, कारण मीटर रूममध्ये मीटरच्या जोडीला सोसायटीचा गणपतीही राहतो. म्हणजे मूर्ती नाही, त्याचा संसार. मखराच्या प्लायवूडच्या कमानी, सॅटिनचे पडदे, सतरंज्या, कागदी फुलांच्या माळा. अनंत चतुर्दशीला विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी सगळं तिथे रचून ठेवतात आणि कुलूप घालतात, ते पुढच्या भाद्रपदातच उघडतं. मीटर वाचणाऱ्याला दाराच्या झरोक्यातून आकडे दिसतात, त्याला आत जावं लागत नाही. गेली कित्येक वर्षं ही पद्धत चालू आहे. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

मीटर रूमच्या पलीकडे, तीच भिंत धरून, शिंदे काकूंचं स्वयंपाकघर. त्याच आठवड्यात आईने मला त्यांच्याकडून विरजण आणायला पाठवलं. काकू बोलक्या, माझ्याही वाटचं बोलतात. फडताळाच्या वरच्या फळीवरून वाटी काढता काढता म्हणाल्या की ही फळी म्हणजे लक्ष्मी आहे बघ, इथे ठेवलं की दोन तासांत दही लागतं, अनारशाचं पीठही इथेच वाळवलं यंदा. "भिंतच उबदार आहे गं," त्या म्हणाल्या, "हात लावून बघ."

मी हात लावला. चुन्याखाली ताप होता, आजाऱ्याच्या पोटाला लागतो तसा. फळीच्या खाली काकूंच्या नातीची गादी गुंडाळून ठेवलेली होती. ती रात्री तिथे झोपायची, स्वयंपाकघरात थंडी वाजत नाही म्हणून. मी वाटी घेतली, थँक यू म्हटलं आणि वर आले. जिना चढताना तळहातात अजून ती ऊब होती, आणि तरी मी थँक यू एवढंच म्हटलं होतं.

आमच्या सोसायटीत आणखी एक पाटी आहे: 'तक्रार लेखी द्यावी. तोंडी तक्रारीची दखल घेतली जात नाही.' माझ्यासारखीला यापेक्षा सोयीचा नियम नाही. मी सोसायटीच्या ग्रुपवर लांब मेसेज लिहिला, शाळेत शिकवलेल्या शुद्ध इंग्रजीत, मुद्देसूद, शेवटी आभार मानून. त्यावर दोन अंगठे आले, एक हलणारी पणती आली, आणि त्या पणतीखाली तो दिसेनासा झाला. मग कागदावर लिहून पेटीत टाकलं. लेले काकांनी आईजवळ निरोप दिला की वायरमनला सांगितलंय, तो दिवाळीनंतर येतो म्हणालाय, सध्या त्याला माळा लावायची कामं आहेत. वीज कंपनीला मी फोन केला. तो फोन करायला मला दोन दिवस लागले. तिथल्या बाईंनी सांगितलं की आतल्या जोडणीचं काम सोसायटीचं, आणि अर्ज सेक्रेटरींच्या सहीने यायला हवा. शेवटी मी आईला खाली पाठवलं. त्याचं उत्तर मी जिन्यातून ऐकलं, ते वर लिहिलंच आहे.

माझी वही मात्र चालू होती. चार घरं, बल्ब पांढरा. पाच घरं, कॉम्प्युटर बंद. एका रविवारी सहा-सात गीझर एकदम लागले असावेत, तेव्हा बल्बमधून बारीक गुणगुण ऐकू आली आणि खालून तो वास आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत चढला. मी वहीत पुढचा आकडा लिहिला, सोळा, आणि त्याच्यापुढे काही लिहिता येईना. सोळा घरांचे गीझर एकाच वेळी कधी लागतात? वर्षातून एकदाच. नरकचतुर्दशीला, उजाडायच्या आत. आदल्या वर्षी सोलर होता. यंदा तो नव्हता.

नंतर जे सापडलं ते सांगते, कारण मला ते मनात ठेवून पुढचं लिहिता येणार नाही. दिवाळीनंतर येणारा वायरमन नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी वीस मिनिटांत आला. बाहेरचा मुख्य स्विच पाडून त्याने बॅटरीच्या उजेडात दार उघडलं. परतीच्या तारेचं काळं आवरण वितळून मेणासारखं ओघळलं होतं. ओघळ संपत होता तिथून वीतभर खाली मखराचा सॅटिनचा पडदा होता, आणि त्याची वरची कड तपकिरी झाली होती, इस्त्री विसरल्यासारखी. बोर्डामागे जुनी लाकडी फळी होती. वायरमनने ती बोटाने दाबून बघितली. बोट आत गेलं. त्याने पडदा उचलून बाहेर नेला आणि मग पायरीवर बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे सोळा घरांत गॅसवर, पातेल्यांत पाणी तापलं आणि पणत्यांच्या उजेडात आंघोळी झाल्या. सुकटीची पाटी पाडव्याच्या आत निघाली. त्या जोडप्याची माफी वगैरे कुणी मागितली नाही. आमच्याकडे पाटी निघाली म्हणजे माफी मागितली, असं समजायचं असतं. ती मुलगी आता आमच्याकडे कधी कधी चहाला येते. मी तेव्हा तिला हो म्हणून वर निघून आले होते, हे तिच्या लक्षात असेल का, असा विचार माझ्या मनात दर वेळी येतो. मी विचारलेलं नाही.

कॉम्प्युटर अजून तोच आहे. त्यानंतर तो एकदाही आपोआप बंद पडला नाही. तरी या दिवसांत, सकाळी डक्टमध्ये पाणी वाजायला लागलं, की माझी बोटं कीबोर्डवर थबकतात. खाली जाताना मी मीटर रूमच्या भिंतीला तळहात लावून बघते. ती थंड असते. थंड भिंतीवरही माझा चटकन विश्वास बसत नाही.

पण मला सगळ्यात स्पष्ट आठवते ती आदली संध्याकाळ, दार उघडायच्या आधीची. पार्किंगमध्ये सोसायटीचा आकाशकंदील चढवला होता. प्लास्टिकच्या खुर्च्या, कागदी कपांत कॉफी, भाड्याने आणलेला स्पीकर. मुलांचा किल्ला पूर्ण झाला होता, नेमका मीटर रूमच्या दाराला टेकून. शिंदे काकू खुर्ची त्याच भिंतीला लावून बसल्या होत्या आणि इथे पाठीला बरं वाटतं असं शेजारणीला सांगत होत्या. दुसऱ्या मजल्यावरचं जोडपं स्कूटरच्या रांगेपाशी उभं होतं. त्यांना कुणी खुर्ची दिली नव्हती. लेले काकांनी माइकवरून जाहीर केलं की उद्या पहाटे साडेचारला सगळ्यांनी उठायचं, एकदम आंघोळी उरकायच्या आणि साडेपाचच्या ठोक्याला खाली फराळाला जमायचं. उशिरा येणाऱ्याला चकलीऐवजी सोसायटीचे नियम वाचायला मिळतील. लोक हसले. कंदिलातला दिवा क्षणभर झळाळून पुन्हा पिवळा झाला, आणि काही जणांनी वाहवा केली.

आई माझ्या शेजारी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही, फक्त माझ्या हातातला कप काढून घेतला. तिला बहुतेक माझ्या आधी कळलं होतं.

कुणाला काही बोलायचंय का, लेले काकांनी विचारलं. हे ते दर वेळी विचारतात, आणि विचारता विचारता कागदाची घडी घालतात. घडी अर्धी झाली होती तेव्हा मी त्यांच्यासमोर जाऊन उभी होते. मधली पाच-सहा पावलं मला आठवत नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या आईकडे, आणि गंमत वाटून माइक पुढे केला. तो सुरूच होता. माझा श्वास पार्किंगभर ऐकू आला. किल्ल्यापाशी बसलेल्या काकूंच्या नातीने वर बघितलं.

मी म्हटलं, "लेले काका, तुम्ही आईला विचारलं होतं, कॉम्प्युटर बंद पडून आजवर कुणी मेलंय का. अजून नाही. मीटर रूमची किल्ली द्या."